हळदकुंकू लावलेला राउटर युगांडाला निघाला

दुबईला जायचं मी ठरवलेलं नव्हतं. मधूनं, म्हणजे माझ्या मुलीनं, आधी तिकीट काढलं आणि मग फोन केला. "आई, नॉन-रिफंडेबल आहे," एवढंच म्हणाली. मला मरणाची भीती नाही, पण पैसे वाया गेलेले सहन होत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी हे गेले, त्यानंतर मी कराडबाहेर पडले नव्हते. मार्चमध्ये निघाले. तुम्हाला जायचं असेल तर मार्चच्या पुढे ढकलू नका. पुढे तिथे ऊन नसतं, भट्टी असते.

मधू इंटरनॅशनल सिटीत राहते. त्यातल्या त्यात स्वस्त वस्ती. तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं दिली आहेत. मधूचं घर इंग्लंडमध्ये आहे. पहिल्याच दिवशी जावई म्हणाले, "आई, फिरायला जाल तर रशियाच्या पुढे जाऊ नका, रस्ता चुकाल." चार दिवसांत मी पायी चार देश केले. माझ्या चपलेचा अंगठा स्पेनमध्ये तुटला. दुरुस्तीला पाच दिरहम पडले. तिथे कुठलीही किंमत ऐकली की सगळे जण मनात चोवीसनं गुणतात, आणि तोंड पाडतात.

दुपारी घरात कोणी नसायचं, म्हणून मी पुस्तक घेऊन खाली लॉबीत बसायचे. तिथे जॉयस भेटली. इमारतीची सिक्युरिटी गार्ड, मूळची युगांडाची, वय तिशीच्या आसपास. हिंदी ती बरोबरच्या गार्डांकडून शिकलेली, मी टीव्हीकडून. त्यामुळे आमचं छान जमलं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण आमच्या पिठाच्या गिरणीत, रद्दीतले पेपर आणि वाचनालयाची पुस्तकं वाचत झालं. युगांडा नकाशात कुठे आहे ते मी सांगितलं, तेव्हा जॉयस खुर्चीतून उठून उभीच राहिली.

"मम्मा, इधर सब पूछते हैं, साउथ अफ्रीका में है क्या!"

तिच्या गावात बायकांचा गट आहे. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे, गरजेला कर्ज घ्यायचं. म्हणजे आमचा बचत गटच. मी विचारलं, "पेटी की चाबी किसके पास?"

"उसी का तो झगडा है, मम्मा."

मी म्हटलं, मग गट चांगला चालला आहे.

त्या बायकांनी एक पत्र्याची खोली बांधली होती. छपरावर सौर पॅनल, आत एक जुना कॉम्प्युटर. पण इंटरनेट नव्हतं. घेवड्याचं पीक निघालं की व्यापारी ट्रक घेऊन येतो आणि सांगेल तो भाव. शहरातला भाव गावाला कळतच नाही. जॉयसची आई फोनवर बोलायला टेकडी चढते. तिथे आवाज येतो, चित्र येत नाही. अडीच वर्षं जॉयसनं आईचा चेहरा पाहिलेला नव्हता.

म्हणून तिनं आमच्या जवळच्याच ड्रॅगन मार्टमधून एक पांढरी डिश आणि राउटर घेतला होता. डिशनं शहरातल्या टॉवरकडून इंटरनेट पकडायचं, राउटरनं ते खोलीत वाटायचं. चारशे दिरहम. "म्हणजे साडेनऊ हजार!" मधू मोठ्यानं म्हणाली. सामान देरा या जुन्या दुबईच्या भागातल्या एका कार्गोवाल्याकडे द्यायचं होतं. शनिवारी दुपारी एकला त्याचा कंटेनर बंद व्हायचा. पुढचा दोन महिन्यांनी. तोवर जूनमधला घेवडा व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये गेला असता.

जॉयसच्या खोलीत आठ जणी राहतात, म्हणून शुक्रवारी खोकं आमच्या घरी ठेवलं. आणि इथे मी घोळ घातला.

आमच्या गिरणीच्या मोटरची दसऱ्याला पूजा व्हायची. हे हार घालायचे, मी हळदकुंकू लावायचे. नवं यंत्र कोरडं सुरू करायचं नाही, हा यांचा कायदा. हे गेल्यावर गिरणी विकली, आणि मला हळदकुंकवाला कोणी बोलावेनासं झालं. माझी त्याबद्दल कोणाकडे तक्रार नाही. पण उघड्या खोक्यात दोन कोरी करकरीत यंत्रं बघून हात शिवशिवायला लागले. मनात आलं, यंत्राला काय कळतंय, कोण विधवा आणि कोण सवाष्ण! मधूच्या देवघरातून करंडा आणला. डिशला कुंकू, राउटरला कुंकू, अक्षता, वर फुलानं थोडं पाणी शिंपडलं. दारात नारळ फोडला, त्याचं पाणी खोक्यावर उडालं. माझी दहा वर्षांची नात इरा बघत उभी होती.

"आजी, यू वॉटर्ड द राउटर!"

"अगं, चार थेंब."

"इट्स नॉट अ तुळस!"

शनिवारी जॉयसनं रजा टाकली होती. आम्ही दोघी बसनं आणि मग मेट्रोनं निघालो. बायकांसाठी वेगळा डबा असतो. मांडीवर खोकं आणि पिशवीत चिवडा. मी पुडी उघडली तशी जॉयसनं झडप घालून बंद केली. मेट्रोत खाल्लं तर शंभर दिरहम दंड! चोवीसनं गुणलं आणि तोंडातले दाणे न चावता गिळले.

देऱ्यातल्या त्या गल्लीत फुटपाथवर फ्रीज, गाद्या, सायकली, सगळं आफ्रिकेच्या वाटेवर बसलं होतं. कार्गोवाला केरळचा, कपाळाला कायम आठी. त्यानं खोकं उघडलं आणि मागे सरकला.

"ये लाल क्या है? ब्लड?"

"कुंकू," मी म्हटलं. "पूजा का."

"पावडर नहीं जाएगा अम्मा. पावडर का केस बनता है. सब साफ करो, खलास. और चालू करके दिखाओ, फॉर्म में लिखना है, वर्किंग कंडिशन."

साडेअकरा वाजले होते. मी पदरानं पुसायला लागले. हळद निघाली, कुंकवानं डिशला गुलाबी करून सोडलं. मग जॉयसनं प्लग लावला, डिशची वायर लावली. राउटरचा दिवा लागला. डिशचा लागेना. तिनं वायर काढून परत खोचली. काही नाही. शेजारच्या दुकानातला पठाण येऊन बघून गेला. "नमी चली गयी होगी," म्हणाला. म्हणजे पाणी.

जॉयस नुसती डिश मांडीवर घेऊन बसली. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बारा वाजले. इतकी वर्षं लोकांचं जे बोलणं मी हसण्यावारी नेलं, ते खरं की काय? माझ्याच हातानं लावायला नको होतं का? आपल्या हौसेपायी आपण कुणाच्या आईचा चेहरा घालवला.

शेवटी मी कार्गोवाल्याची टेबलावरची बॅटरी उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि डिशच्या वायर खोचायच्या चौकोनी भोकात डोळा लावला. आत काहीतरी पांढरं होतं. अक्षतेचा एक दाणा, चांगला फुगून बसला होता! त्यामुळे वायर पुरती आत जातच नव्हती.

मी काचेच्या दोन बांगड्या अजून घालते. कोणी विचारलं तर सांगते, सेफ्टी पिना अडकवायला काहीतरी पाहिजे. त्यातली एक पीन काढली. प्लग काढायला लावला आणि कान कोरावा तसा अलगद दाणा कोरून काढला. वायर 'टक' करून बसली. हिरवा दिवा लागला.

"हबीबी!" कार्गोवाला ओरडला. त्याची आठी पहिल्यांदा गेली. पठाण परत आला, दाणा हातात घेऊन म्हणाला, "बासमती है?"

"कोलम," मी म्हटलं.

तेव्हा कुठे जॉयस हसली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं विचारलं, ते लाल का लावलं होतं. मी सांगितलं, चांगलं चालावं म्हणून. आणि हेही सांगितलं, की नवरा गेलेल्या बाईनं ते लावायचं नसतं, असं आमच्याकडे म्हणतात.

"मगर मशीन तो चल रहा है," ती म्हणाली. थोडा विचार करून पुढे आली. "बॉक्स में मना है. मेरे को लगाओ."

माझ्या बोटांच्या टोकाला जेवढं उरलं होतं तेवढं तिच्या कपाळाला लावलं. पावणेएकला खोकं कंटेनरमध्ये गेलं. आम्ही एक दिरहम देऊन होडीनं खाडी ओलांडली आणि परत आलो, नुसतंच. संध्याकाळी टोपीखाली ते कुंकवाचं बोट मिरवत जॉयस ड्यूटीवर उभी राहिली. रशियातले लोक बघायला आले.

एप्रिलमध्ये मी कराडला परतले. लोक विचारतात, तो उंच टॉवर बघितलास का? बघितला, टॅक्सीतून, मान दुखेपर्यंत. सोन्याचा बाजारही बघितला. त्यातलं फारसं काही मनात राहिलं नाही. एका हिरव्या दिव्याची मात्र मी रोज जॉयसकडे फोनवर चौकशी करायचे. खोकं पोचलं का, डिश बसवायला त्यांच्या गावच्या शाळेचे मास्तर छपरावर कधी चढणार, की तिथेही किल्लीवरून अडलंय!

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. एका चौकोनात जॉयस, लॉबीतल्या खुर्चीत. एकात मी. तिसऱ्यात काहीतरी तपकिरी, सुरकुतलेलं, मध्ये एक बारीक पितळी रिंग. ते काय आहे ते कळायला मला वेळ लागला. आयुष्यभर फोन जसा धरला तसाच तिच्या आईनं तो धरला होता. स्क्रीनभर कान.

मागे बायकांचा गलका चालला होता. जॉयस मला भराभर सांगत होती, इंटरनेटवर शहरातला भाव कळला, व्यापारी त्याच्या निम्म्यानंच मागत होता, गटानं ट्रक रिकामा परत पाठवला. मग तिकडे कोणीतरी म्हातारीला समजावायला लागलं, फोन कानावरून काढ, समोर धर.

"नको, नको," जॉयस एकदम म्हणाली. तिच्या भाषेत म्हणाली असेल, पण मला कळलं. मग हिंदीत मला म्हणाली, "रहने दो मम्मा, थोडा और. ये भी ढाई साल से नहीं देखा."

आणि आम्ही दोघी बराच वेळ तो कान बघत बसलो.