मनगटावर दोनदा

सुरुवातीलाच सांगते — भुतंखेतं, संकेत, शकुन यातलं काहीही मी मानत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. स्क्रीनवर दिसेल ते खरं. तेव्हा वाचून झाल्यावर "शांत करून घ्या" असं सुचवणार असाल तर कृपया तसदी घेऊ नका.

मागच्या वर्षी नारायण पेठेतले देवधर सर आले. निवृत्त शिक्षक. लिव्हरच्या अगदी वरच्या टोकाला, फुप्फुसाच्या आडोशाला गाठ. आधी एका ठिकाणी बायोप्सी फसलेली... आणि तपासायला गाठीचा तुकडा मिळाल्याशिवाय उपचार सुरू होणार नव्हते. सुई चुकली तर थेट फुप्फुसाला भोक. त्यात सरांना ऐकू येत नाही.

कॉरिडॉरमध्ये समोरून स्ट्रेचर आलं, तसं सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचं मनगट दोनदा दाबलं. सर जागीच थांबले.

"रस्ता ओलांडतानाही हेच," काकू म्हणाल्या. "ओरडून घसा कोण बसवून घेणार?"

मीही तीच युक्ती उचलली. सिस्टरनी सरांचं पाऊल दाबलं की त्यांनी श्वास सोडून रोखायचा, पाऊल सोडलं की घ्यायचा. हा सराव आम्ही सरांकडून चांगला घोटून घेतला, कारण श्वास दर वेळी सारखाच रोखला गेला तरच सुईची वाट मोकळी राहते.

सर सीटीच्या टेबलावर, दोन्ही हात डोक्यामागे. स्कॅनमध्ये वाट स्वच्छ. सुई कातडीखाली टेकवलेली. सिस्टरनी पाऊल दाबलं, सरांनी श्वास रोखला, मी सुई आत सरकवणार — इतक्यात सर खणखणीत ओरडले, "अगं थांबलो! सोड हात!"

मी भयंकर चिडले. पण हात मागे घेतला, पुन्हा श्वास रोखायला लावून स्कॅन केला. सर दमले होते, श्वास पुरता सोडत नव्हते. फुप्फुसाची कड बरोब्बर सुईच्या वाटेत उतरली होती.

मग खालून तिरकी वाट धरली आणि तुकडा नीट मिळाला.

"ही आत कशी आली होती?" सरांनी विचारलं. "डावं मनगट दाबलं की दोनदा!"

डोक्याजवळ कुणीच नव्हतं. सलाईन उजव्या हाताला होतं.

बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत काकूंनीच विचारलं, "मध्येच थांबलात ना?" त्यांनी स्वतःचंच मनगट घट्ट धरलेलं. "बसल्या जागी गाडी अंगावर आल्यासारखं वाटलं हो... हात आपोआप दाबला गेला."

योगायोग म्हणा, भास म्हणा. मीही सगळं म्हणून पाहिलंय. एकही उत्तर मला पटलेलं नाही, आणि पटल्याचं सोंग मी आणणार नाही. भूत तर मी आजही मानत नाही.

पुढे त्याच गाठीत सुई घालून गाठ जाळायची ठरली. त्या दिवशी मी स्वतः खुर्ची उचलून सीटीच्या दाराशी ठेवली आणि काकूंना तिथे बसवलं.

"इथे कशाला, मॅडम?" सिस्टरनी विचारलं.

म्हटलं, "आपल्याला रस्ता ओलांडायचाय."