जन्मठेपकाकांचा मुद्देमाल

आमच्या बिल्डिंगमधल्या जन्मठेपकाकांनी आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नसेल. पण रोज सकाळी पेपर आणि चहा संपेपर्यंत ते चारपाच जणांना आत टाकून मोकळे होत. एकदोघांना फाशी, बाकीच्यांना जन्मठेप, आणि मूड फारच चांगला असला तर एखाद्याला नुसती सक्तमजुरी. आतून काकू विचारत, "झाला का निकाल? मग आंघोळीला जा."

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी दुसऱ्या. सोसायटीची सेक्रेटरी मी, कारण ज्या सभेत सेक्रेटरी निवडायचा होता तिला मी उशिरा पोचले. काका मला नावाने हाक मारत नसत. "सेक्रेटरीबाई" म्हणत, आणि त्यात एखाद्या खात्याचा मंत्री आपल्या सचिवाला बोलावतोय असा थाट असे.

नोकरी त्यांनी सरकारी छापखान्यात केली, मुद्रितशोधक म्हणून. नवे कायदे, सुधारलेले कायदे, सगळं छपाईआधी त्यांच्या नजरेखालून जाई. त्यामुळे कायदा आपणच केला आहे अशी त्यांची एक समजूत होती. "'तीन वर्षे' खोडून तिथे 'सात वर्षे' करायला मला अर्धं मिनिट लागायचं, सेक्रेटरीबाई," ते सांगत. "अर्ध्या मिनिटात चार वर्षं वाढतात. मग का नाही वाढवायची?" शिक्षा वाढवण्याइतकं स्वस्त काम जगात दुसरं नाही, असा त्यांचा पक्का सिद्धांत होता.

हा सिद्धांत ते घरीदारी सगळीकडे लावत. वटार गावची केळीवाली डझनात एक केळं कमी घालते असा त्यांना संशय होता. तिला ते तोंडावर सांगत, "फसवणूक आहे ही, मावशी. सात वर्षं." मावशी म्हणे, "चालंल. पन तेवडे दिवस केळी कुनाकडून घेशील?" काका एक केळं जास्त मागून घेत आणि खटला काढून टाकत.

एका पहाटे मात्र खरा खटला हाताला लागला. काका फिरायला निघाले, तर आमचा प्लंबर बाळू सोसायटीचा पाण्याचा पंप सायकलच्या कॅरिअरला बांधत होता. पंपघरात दोन पंप होते. एक कधीचा जळून पडलेला होता आणि दुसरा चालू. बाळूने चालू असलेला सोडवला, कारण जळालेल्याला भंगारवाल्याकडे भाव नव्हता. बाळू साधुसंत नव्हता. पगार झाला की दोन दिवस तो आचोळ्याला आपल्या घरीही सापडत नसे. पण मूर्ख होता हे आम्हाला नव्याने कळलं. काका ओरडले, वॉचमन जागा झाला आणि बाळू जागच्या जागी पकडला गेला.

मी काका आणि वॉचमनबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीने सांगितलं, "काका, साधी चोरी लिहितो. जामीन होईल, तुमचा पंपही लवकर सुटेल."

"साधी? त्याच्या हातात पाना होता!"

"प्लंबर आहे ना तो?"

"मी पुढे झालो तर त्याने हात वर केला. पान्यासकट! हत्याराचा धाक दाखवून लूट. नवीन कायदा वाचलाय मी." काकांचे डोळे चमकत होते. "दहा वर्षं कुठे गेली नाहीत."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तर झोपेत होते, मी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमन म्हणाला की तोही झोपेत होता, आणि मग जीभ चावली. शेवटी काका सांगतील तसा जबाब लिहिला गेला. लुटीला जामीन कुठला! बाळू ठाणे शहरातल्या तुरुंगात गेला आणि पंपाला चिठ्ठी बांधून तो मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवला गेला.

काकांचा विजय आठवडाभर टिकला. मग बिल्डिंगला तहान लागली. आम्ही भाड्याचा पंप आणला. पण आमची पाइपलाइन बाळूने वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढवलेली होती, आणि तिचा नकाशा फक्त त्याच्या डोक्यात होता. नवा प्लंबर बी विंगचा व्हॉल्व्ह उघडी आणि ए विंगच्या गच्चीवरून धबधबा कोसळे. एक दिवस तो पाना टाकून म्हणाला, "मॅडम, ये लाइन जिसने डाली, उसीको बुलाओ."

"तो आत आहे," मी म्हटलं.

"फिर आप लोग भी अंदर ही हो, समझो."

त्यातून बाळूची बायको मंगल आमच्याच बिल्डिंगमध्ये भांडी घासायची. काकांकडेही. ती आता आज वकिलाकडे, उद्या तुरुंगात भेटीला, परवा कोर्टात. शेवटी तिने कामच सोडलं. तळमजल्यावरून बादल्या भरून आणायच्या आणि त्या पाण्यात भांडी घासायची, हे काकूंनी आठ दिवस केलं. नवव्या दिवशी त्यांनी काकांच्या हातात काथ्या दिला. "मला एक सांगा, शिक्षा त्याला झाली आहे का मला? त्याला आत दोन वेळा जेवण आहे. भांडी घासायला माणूसही असेल."

पंपाची काकांना फार काळजी. पावसात उघड्यावर गंजेल म्हणून ते तेलाची डबी घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने हाकललं. "पुराव्याला हात लावायचा नाही."

"अहो, आमचा पंप आहे!"

"तुमचा होता, काका. आता सरकारचा पुरावा आहे. दहा वर्षांची केस म्हटल्यावर पुरावा नीट नको सांभाळायला?"

मग वसई कोर्टात तारखा सुरू झाल्या. साक्षीदार म्हणून काका, सोसायटीतर्फे मी, रात्रपाळी करून आलेला पेंगुळलेला वॉचमन. तिकडून बाळूला घेऊन पोलिसांची गाडी ठाण्याहून यायची. घोडबंदरला अडकली की दुपार. आली तर वकील नाही, वकील आला तर न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख. बाळूसोबतचा एक शिपाई एकदा काकांशेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "काका, त्या पंपाची नवी किंमत काय हो?"

"का?"

"काही नाही. याला इथे आणायला डिझेल, ड्रायव्हर, आम्ही दोघं. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं आज माझ्या. मी आपला विचार करत होतो, सरकारने तुम्हाला एक पंप घेऊन दिला असता तर परवडलं असतं."

काका चिडले. "हे तत्त्व आहे! तत्त्वाला किंमत नसते!"

"असते ना," शिपाई म्हणाला. "सध्या मी देतोय."

समोर बाळू बसला होता. चार महिन्यांत निम्मा झालेला. त्याने काकांना खाली मान घालून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "काका, बी विंगला पाणी येतं का?" घरी जाताना काका रिक्षात गप्प होते. आमच्या ओळखीत ते गप्प बसल्याची ती पहिली वेळ, म्हणून मी रिक्षावाल्याला रेडिओ बंद करायला सांगितला. माणूस आजारी आहे की काय, ते कळायला हवं.

साक्षीच्या दिवशी बाळूची दहा वर्षं काकांच्या जिभेवर होती, हे कोर्टात सगळ्यांना माहीत होतं. मंगल दाराजवळ उभी होती. सरकारी वकिलांनी घाईघाईत विचारलं, "आरोपीच्या हातात पाना होता?"

"होता."

"तुम्ही पुढे गेल्यावर त्याने तो तुमच्यावर उगारला?"

काकांनी खिशातून चष्मा काढला. वाचायला समोर काही नव्हतं, तरी लावला. "साहेब, माझ्या जबाबात एक दुरुस्ती आहे."

वकिलांचा चेहरा पडला. "कसली दुरुस्ती?"

"हात वर केला असं मी सांगितलं. एक नाही, त्याने दोन्ही हात वर केले. एका हातात पाना राहिला, कारण खाली टाकला असता तर त्याच्याच पायावर पडला असता."

"म्हणजे उगारला की नाही?"

"म्हणजे शरण आला."

न्यायाधीशांनी काकांना चांगलंच झापलं. हे पाच महिने आधी सुचलं असतं तर कोर्टाचा वेळ वाचला असता, आणि खोटा जबाब देणाऱ्यालाही कायद्यात शिक्षा आहे, असं ऐकवलं. काकांनी मान डोलावली. ते कलम त्यांनी तपासलेलं असणार. बाळूवर चोरी तेवढी राहिली. ती त्याने कबूल केली, आणि भोगलेल्या महिन्यांत शिक्षा भागली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय काका, तत्त्व बदललं?"

"तत्त्व जागेवर आहे," ते म्हणाले. "कंबर गेली. तुम्ही तळमजल्यावरून बादली आणून बघा."

पुढे त्यांचे गुडघेही गेले आणि मुलीने दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. सामान बांधायच्या दिवशी गीझर आणि पाण्याचा फिल्टर काढायला बाळू आला. त्याला पुन्हा काम द्यायचं की नाही यावर सोसायटीत मोठी सभा झाली होती. पण सभा चालू असतानाच ए विंगचं पाणी गेलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मी निरोप घ्यायला वर गेले. बाळू स्टुलावर चढून गीझर सोडवत होता, आणि काका बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून त्याच्याकडे टक लावून बसले होते. पापणीही लवू देत नव्हते. बाळूही बिचारा प्रत्येक स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवत होता.

"काका," मी म्हटलं, "आता तरी ठेवा की विश्वास."

"विश्वास नाही असं कोण म्हणतं?" काका नजर न हलवता म्हणाले. "पण पहारा ठेवायची हौस माझी आहे, सेक्रेटरीबाई. तर खुर्ची माझी, वेळ माझा. सरकारला कशाला मध्ये घ्या?"