उडणारा साप पटला, शेवट पटला नाही

गावकऱ्यांनो, दुपारपासून कशातच मन लागत नाही, म्हणून आपल्या ग्रुपवर लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, शनिवारी मी आपल्या वाचनालयात मुलांना गोळा करून पुस्तकांवर बोलतं करते. आज एक अद्भुतकथा होती. डोंगरावरच्या झऱ्याची राखण एक उडणारा साप करतो. डोंगर खणायला यंत्रं येतात, तेव्हा अख्खा गाव एकमुखाने "नको" म्हणतो आणि यंत्रं परत जातात.

साप मुलांना लगेच पटला. सहावीतला साईश म्हणाला, "टीचर, तो आमच्या राईतल्या राखणदारासारखा. आजोबा त्याला दरवर्षी तांदळाचा रोट ठेवतात. मग तो कोणाला काही करत नाही."

"मग पटलं नाही ते काय?" मी विचारलं.

"शेवट!" सगळी एकदम ओरडली. "यंत्रं म्हणे परत गेली! फट मारलीय, टीचर, सगळं खोटं!" आणि पोट धरून हसली.

मुग्धा तेवढी हसली नाही. "आपला डोंगर खणायचं ठरलं, तेव्हा माझे पप्पा ग्रामसभेत उठून 'नको' बोलले होते," ती म्हणाली. "बाकीचे खाली बघत बसले. आता राईच कापली. टीचर, यंदा रोट कुठे ठेवायचा?"

मी पुस्तक मिटलं आणि मुलांना घरी पाठवलं.

साप उडतो हे त्यांना खरं वाटतं. आपण "नको" म्हणू, हे मात्र खोटं.

उद्या रविवारी पुन्हा ग्रामसभा आहे, यावेळी पलीकडच्या डोंगरासाठी. कोणी तोंड उघडणार आहे, की मुलांनी आपल्याला बरोबर ओळखलंय?