दाजींचं वळून गेलेलं वादळ

अक्काचा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गावर होतो. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच पोरांना घातलेला, म्हणून उचलला नाही. तास संपल्यावर लावला तर पलीकडून भाच्याचा आवाज आला, "मामा, पप्पा गेले." सकाळी लातूरच्या घरी खुर्चीत बसल्या बसल्या, हातातला चहा न सांडता दाजी गेले होते. एसटीत बसलो तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि तो स्वतःचाच. एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती. तीन वर्षं होती माझ्याकडे…

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लातूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. पावसाळा परतीला लागला की त्यांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. बंगालच्या उपसागरात वादळं जन्माला येण्याचे ते दिवस. मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघायची, हवामान खात्याची पत्रकं वाचायची आणि वादळ दर तीन तासांनी कुठवर आलं ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं मांडायचं. मी चिडवायचो, "दाजी, लातूरला प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही समुद्र बघून राहिलात." ते मान वर न करता म्हणायचे, "मेहुणे, आंध्राच्या किनाऱ्याला लागलेलं वादळ दोन दिवसांत देगलूरच्या शिवारात येतं. तुमच्या सोयाबीनला विचारून येत न्हाई ते."

लोह्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांचा मोबाइलवरचा ग्रुप मी काढलेला. दाजी मला बोलका निरोप पाठवायचे आणि मी तो टाइप करून ग्रुपवर टाकायचो. ते स्वतः ग्रुपमध्ये यायला तयार नव्हते. लोक दिवसभर विचारत बसतील, मग आभाळ कधी बघू, असं त्यांचं म्हणणं. निरोपात तीन गोष्टी ठरलेल्या असत. काय दिसतंय, काय अजून कळत नाही, आणि परत कधी सांगणार. यातली मधली गोष्ट लोकांना नको असायची. "सर, येणार का न्हाई, एका शब्दात सांगा की," असं ते मला म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या सततच्या 'शक्यते'चा वैताग यायचा. दाजींना तसं म्हटलं की ते वर्गातल्यासारखे थांबून सांगायचे, "तीन दिवस आधी वादळाची जागा सांगायची, तर ते चुकेल कुठं हेही सांगावं लागतं. तेवढं सोडलं की मग ते भविष्य झालं, अंदाज न्हाई."

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं होतं आणि बाहेरच्या मजुरांच्या टोळ्या गावोगाव उतरल्या होत्या. बुधवारी दुपारी दाजींचा निरोप आला. "वादळ आंध्राकडं येईल असं दिसतंय. कापून पडलेलं गोळा करून झाका, नवी कापणी दोन दिवस धरू नका. पण ते उत्तरेला वळू शकतं, मला खात्री न्हाई. शुक्रवारी सकाळी परत बघून सांगतो, तोवर टोळ्या सोडू नका." मी टाइप केलं, "वादळ येणार. कापणी थांबवा." तेही ठळक अक्षरांत. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, "सर, इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं." मला फार बरं वाटलं.

वादळ वळलं आणि ओडिशाकडे गेलं. आमच्याकडे कडक ऊन पडलं. बसून कंटाळलेल्या टोळ्या शनिवारी औशाकडे निघून गेल्या. परत मजूर मिळेपर्यंत वाळलेल्या शेंगा उन्हानं तडकल्या आणि दाणे रानात सांडले.

दिवाळीत दाजी आमच्याकडे आले. चौकातल्या हॉटेलात चहाला गेलो तर किसनराव बसलेले. सहा एकर सोयाबीनवाले, जिभेनं तिखट. "काय गुरुजी, वादळ कुठं पंक्चर झालं का?" सगळे हसले. किसनराव आणखी रंगात आले, "न्हाई, पर गुरुजीचे उपकार हायेत. आमचं रान फुकटात पेरून दिलं!" दाजींनी चहा अर्धा ठेवला. परत येताना त्यांनी मला विचारलं, "अरे, वळू शकतं असं मी म्हणालो होतो ना?" मी म्हणालो, "म्हणाला होता की दाजी. लोक अर्धंच ऐकतात."

पुढच्या वर्षी त्यांचे निरोप लांबत गेले. एकच वाक्य दोनदा, श्रुतलेखन घातल्यासारखं. शेवटी, "कळलं का? नसेल तर परत सांगतो." आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला वाटू लागलं होतं की आपलं बोलणं लोकांपर्यंत पोचत नाही. आणि मी, ज्याला कारण ठाऊक होतं तो, उलट त्यांच्यावरच करवादायचो, "दाजी, किती लांबवता!" मग निरोप थांबले. या उन्हाळ्यात लातूरला गेलो तेव्हा मी सुरुवात केली होती, "दाजी, त्या वादळाचं…" ते म्हणाले, "जाऊ दे रे. लोकांचं काय चुकलं? मलाच नीट सांगता येत न्हाई आता." मी विषय तिथंच सोडला. सुटलो, असंच वाटलं मला तेव्हा.

तेराव्यानंतर मी अक्काला सांगितलं, की 'वळू शकतं' हे वाक्य मी कापलं होतं. ती पाहुण्यांची भांडी पुसून ठेवत होती. "मला कशाला सांगतोस? मी काय सोयाबीन पेरलंय? जे हसले त्यांना सांग." दुसऱ्या दिवशी बुधवारचा तो निरोप, दाजींच्या आवाजात, पूर्ण, मी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "यातलं अर्धं मी कापलं होतं." मग किसनरावांनी लिहिलं, "आवाज तर साफ हाय की हो सर. मंग शुक्रवारी काय म्हणले गुरुजी?"

हे मी अक्कालाही सांगितलेलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सहा वाजता दाजींचा निरोप आला होता. मी तो ऐकला, आणि टाकला नाही. दोनच दिवसांपूर्वी ठळक अक्षरांत लिहिलेलं, आता कोणत्या तोंडानं फिरवू? संध्याकाळपर्यंत बघू, कदाचित फिरेल परत, असं मनाशी म्हणत राहिलो. टाकला तो रविवारी, तोही टाइप करून, वादळ वळल्याचं सगळ्यांना दिसल्यावर. टोळ्या शनिवारीच गेल्या होत्या.

शुक्रवारचा तो निरोप मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. सोळा सेकंदांचा आहे. "मी चुकलो बरं का. वादळ वळलं. आजच कापणी धरा, टोळ्यांना आत्ताच सांगा. दुपारी परत बघतो." मागे कुकरची शिट्टी आणि अक्काचा आवाज, "आधी चहा घ्या." चुकलो म्हणायला दाजींना एवढाच वेळ लागला होता…

थोड्या वेळानं किसनरावांचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवून मी उचलला.  ते म्हणाले, "हाटेलात गुरुजीला लई हसलो हो मी." मी फोन घेऊन अंगणात आलो. "पर सर," ते म्हणाले, "तवा तुमीबी हसला व्हता."

"हाव," मी म्हणालो. "हसलो होतो."