अर्जात मारलेली रेघ

सूनबाईचा सगळा जन्म असा उभ्यानेच सरणार, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जाईना. तयार कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं सूनबाई शिलाई तपासत होती. शिवणीवरून अंगठा फिरवायचा, टाका सुटला असेल तिथे लाल दोरा बांधायचा आणि कपडा शिवणाऱ्याकडे परत न्यायचा. संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे; पगार मात्र जागचा हलत नव्हता.

मग देखरेखीची जागा निघाली. बसायला खुर्ची, पगार दीडपट.

"ऑफिसची भाषा मला कुठे येते?" सूनबाई अंग चोरू लागली, तेव्हा अर्ज आईनेच भरला. ती पदवीधर, अक्षर मोत्यासारखं. 'येणाऱ्या भाषा' या रकान्यात तिने घरची भाषा लिहिली, मग ऑफिसची, पुढे प्रामाणिकपणे 'थोडी'. उरलेल्या जागेवर रेघ मारली.

सोमवारी मुलाखतीची यादी लागली. त्यात सूनबाईचं नाव नव्हतं.

"जाऊ द्या हो आई, मी खुर्चीत बसले तर दोरे कोण बांधणार?" ती हसली. आईला ते हसणंच जास्त लागलं.

बुधवारी सूनबाई डबा घरीच विसरली, म्हणून आई कारखान्यात गेली आणि दारातच थबकली. सूनबाई एका शिवणाऱ्याला कपडा दाखवून झापत होती, त्याच्या भाषेत. पुढच्या मशीनवर भाषा बदलली, कोपऱ्यातल्या पोरींपाशी पुन्हा निराळीच. पोरी खुदुखुदु हसत होत्या.

"बाहेरून आलेल्या सगळ्यांना हीच काम शिकवते," दाराजवळची इस्त्रीवाली म्हणाली. "साहेबांचं म्हणणंसुद्धा त्यांना हिच्याच तोंडून कळतं."

सूनबाई डबा घ्यायला आली.

"अगं, आणखी तीन भाषा येतात तुला! बोलली नाहीस ते?"

"त्या कसल्या भाषा, आई! लिहिता येत नाहीत की वाचता. नुसतं बोलणं."

आईला तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. तिनेही लिहिता-वाचता येते तीच भाषा धरली होती, बाकी विचारलंसुद्धा नव्हतं. मुलाखती उद्या होत्या. तिने पर्स उघडून अर्जाची प्रत काढली. तळाशी साहेबांचा नंबर होता.

"नको ना, साहेब रागावतील."

"रागावू देत. कोणत्या भाषेत रागावतात ते तरी कळेल. रेघ मी मारली, मीच पुसते," आई म्हणाली आणि आवाज नसलेला कोपरा शोधत फोन घेऊन बाहेर निघाली.