भिवाच्या फाशीचा चौक

"पाणी मागितलं म्हणता, मग दिलं का कुणी?"

सेलूच्या बाजारात माझा पोवाडा रंगात आलेला. तेवढ्यात गर्दीतून एक बाई उठून उभी राहिली आणि तिनं हे विचारलं. माझा डफ मधेच कधी थांबला न्हाई. त्या दिवशी थांबला. मी गात होतो ते असं:

उगवतीला तांबडं फुटलं, दोर पडला मानी,
सात हात खड्ड्यावरती भिवा मागतो पाणी, जी जी रं जी!

मागं माझा मेव्हणा सोपान उभा होता. तो माझा झीलकरी. शाहिरानं ओळ टाकली की तिचं शेपूट धरून वर उचलतो तो झीलकरी. झील पडली की शाहीर पडला. सोपाननं झील अर्धी सोडली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "दाजी, तिच्या हातात बांगड्या न्हाईत."

मग मी नीट बघितलं. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"बाई, तू कोण?"

"रुक्मा. भिवाची बायको. आमच्या गावचा माणूस कापूस घेऊन आलता हितं. त्यानं तुमचं गाणं ऐकलं आन गावात सांगितलं, भिवाला लटकवलं. मी बांगड्या फोडल्या. दहावा उरकला. आता राख तरी मिळंल म्हणून चालत आले. कुठं जाळलं त्यांना? तुमी बघितलं असंल ना?"

सगळा बाजार माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी काहीच बघितलं नव्हतं.

आता हितं आमच्या धंद्याची गोष्ट सांगणं भाग हाय. खुनाच्या पोवाड्याचे चार चौक असतात. चौक म्हणजे गाण्याचा एकेक तुकडा. पहिल्यात नमन, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात खून, चौथ्यात फाशी. खून झाला की पंधरा दिवसांत पोवाडा बाजारात पायजे, न्हाईतर शिळा होतो. अदालतीचा फैसला यायला साल-दीड साल जायचं. तवर बाजार थांबतोय व्हय? म्हणून आमच्यात फाशी आधी आणि फैसला मागून. माझ्या गुरूनं तसंच केलं, त्याच्या गुरूनं तसंच. मी तिसरी शिकलेला माणूस, पण चौक बांधण्यात परभणी जिल्ह्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. भिवानं बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. झरीच्या बाजूची ही गोष्ट. भिवाला पकडलं तेव्हाच मी त्याला फाशी देऊन मोकळा झालो होतो. घरी त्याची बायको असंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

मी बाईला म्हणलं, "राख न्हाई. मला ठाऊक न्हाई. चल परभणीला, विचारू."

सोपान चिडला. "दाजी, बाजार सोडून? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

आम्ही आगगाडीनं निघालो. मला बसवेना. उठायचो, दाराशी जायचो, परत बसायचो. मनात एकच. जित्ता असंल तर मी खोटा, मेला असंल तर ही बाई खरीच रांडाव. काय मागावं देवाला?

तवा राज्य निजामाचं. परभणीत अमीनसाहेब म्हणजे पोलिसाचे मोठे साहेब. बाजारात डफ वाजवायला त्यांचा परवाना लागायचा. मला बघून खूश झाले.

"आव शाहीर! भिवा की फाँसी खूब चल रही बोलते सेलू में."

"साहेब, त्याला फाशी झाली का?"

"अरे किधर! मिसल हैदराबाद गयी है. फैसला आने का है अभी."

मिसल म्हणजे खटल्याचे कागद. ते तिथं, म्हणजे भिवा अजून जित्ता. मी म्हणलं, "साहेब, मग मी तो चौक काढतो."

साहेबांचं हसू गेलं. "नक्को. वही हिस्सा तो काम का है. लोगों में दहशत बैठना. फाँसी जोर से गाना, समझे? निकाला तो परवाना गया."

पण माणूस वाईट नव्हता. जवानाला सांगून तुरुंगात पाच मिनिटं भेट करून दिली.

भिवा गजाच्या पलीकडं आला. दाढी वाढलेली. बायकोच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "आगं, कोण मेलं?"

ती म्हणाली, "तुमी."

मग दोघं रडले. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळानं भिवानंच मला हाक मारली. "शाहीर, वळखलं का? मागल्या साली झरीच्या बाजारात सोपानरावाचा घसा बसलता. तवा तुमची झील मी धरली व्हती. पालमच्या खुनाचा पोवाडा."

मला आठवलं. गडी आवाजाचा चांगला होता. फाशीच्या चौकाला त्यानं अशी झील उचलली होती की बाया डोळे पुसत होत्या.

मी विचारलं, "मग लेका, फाशीचा चौक तू सोता गायलास. कुऱ्हाड उचलताना आठवला न्हाई?"

तो म्हणाला, "शाहीर, तवा मला निस्ता बांध दिसत व्हता. गाणं कुठलं आन फाशी कुठली. घरी येऊन कुऱ्हाड धुतली, तवा आठवला तुमचा चौक. मग लय भ्यालो. रातभर भ्यालो. पण मग भिऊन काय उपेग?"

जवान म्हणाला, चला. बाहेर आल्यावर रुक्मानं मला विचारलं, "मग मी बांगड्या भरू का?"

म्हणलं, भर की! नवरा जित्ता हाय.

वाटलं तितकं सोपं नव्हतं. झरीच्या बाजारात तिच्यासंगं कासाराकडं गेलो. महादूअप्पा, पिकल्या मिशांचा माणूस, तीन पिढ्यांपासून त्या गावांना बांगड्या भरणारा. त्यानं हात मागं घेतला.

"शाहीर, दहावा झालेल्या बाईला चुडा भरत न्हाई मी. उद्या सासरचे म्हणतील, अप्पानं रांडावेला बांगड्या भरल्या."

"आरं, मी डोळ्यांनी बघून आलोय त्याला!"

"तुमी डोळ्यांनी बघितलं आन मला एकट्याला सांगायलाव. लटकवला ते मातर सेलूच्या आख्ख्या बाजाराला सांगितलं. ज्या तोंडानं मारला त्याच तोंडानं उठवा. बाजार ऐकू द्या. मग भरतो."

मी तिथून निघून गेलो. खरं सांगतो, राग आला. गायलेला चौक मी कधी मागं घेतला नव्हता. एकदा एका पाटलानं घरच्या बदनामीचा चौक काढ म्हणून सांगितलं, तर मी त्याच्या दारात दोनदा गायलो. बाजारभर फिरलो. मिरच्या बघितल्या, दोरखंडं बघितली, काही घ्यायचं नसताना भाव केले. सोपान मागं मागं. "दाजी, परवाना जाईल. ती बाई आपली कोण? फैसल्यात फाशीच आली तर? मग तुमचा चौक खराच की. थांबा चार महिने."

हे मला पटलं होतं, म्हणून तर लय टोचलं. चार महिने थांबायचं म्हणजे तो फासावर जायची वाट बघायची. माझी एक ओळ खरी व्हावी म्हणून.

वळून बघितलं तर ती बाई कासाराच्या दुकानासमोर तशीच बसलेली. मोकळे हात पदरात घेऊन.

मी डफ काढला. सोपानला म्हणलं, "झील धर, न्हाईतर घरी जा." त्यानं शिव्या दिल्या आणि झील धरली.

चौथा चौक खोटा गड्यांनो, मी पदरचा घातला,
भिवा जित्ता तुरुंगामंदी, ह्या डोळ्यांनी पाहिला, जी जी रं जी!

आधी कुणाला कळंना. मग एक म्हातारा ओरडला, "आरं शाहीर, सेलूच्या बाजारी आमी रडलो त्याचं काय? ते रडणं परत द्या!" सगळा बाजार हसला. त्या हसण्यानं माझे कान तापले. एवढी वर्षं लोक माझ्या गाण्याला हसायचे ते मी हसवलं तर. त्या दिवशी मला हसले. मी तोच चौक तीनदा गायलो. पोराबाळांना पाठ होईस्तोवर.

गाणं संपल्यावर महादूअप्पानं बाईचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या. भरून झाल्यावर ती त्याच्या पाया पडली. माझ्या पडली न्हाई. बरोबर केलं तिनं.

आठ दिवसांत जवान आला आणि डफ घेऊन गेला. सहा महिने बाजार बंद. अमीनसाहेब म्हणाले, "तूने दहशत तोड दी, शाहीर. अब देखना, खून बढ़ेंगे."

मी ते सहा महिने मळ्यात मोट हाकली आणि कान उघडे ठेवले. खून वाढले न्हाईत. कमीबी झाले न्हाईत. बांधाचं, पाणंदीचं, बायकांचं भांडण जिथं व्हायचं तिथं झालं. माझ्या गाण्याची कुणी वाट बघितली न्हाई आणि कुणी त्याला दबला न्हाई.

पुढं हैदराबादहून मिसल आली. जनमठेप. रुक्माच्या बांगड्या राहिल्या.

डफ परत मिळाल्यावर खुनाचे पोवाडे मी पुष्कळ गायलो, पण फैसला आल्याबिगर चौथा चौक कधी बांधला न्हाई. लोक म्हणायचे, शाहीर, शेवट कुठाय? मी म्हणायचो, अदालतीत हाय, जाऊन विचारा. काही उठून जायचे, मी जाऊ द्यायचो.

आता लोक मला विचारतात, फाशीनं खून थांबतात का. मला शाळा कमी, कायदा तर बिलकुल येत न्हाई. माझ्या फाशीच्या चौकाचा हिशोब तेवढा सांगतो. भिवा त्याची झील धरून घरी गेला आणि साल उलटायच्या आत त्यानं कुऱ्हाड उचलली. रुक्मानं तो नुसता दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि बांगड्या फोडल्या. तिनं कुणाला मारलं नव्हतं.