खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

प्रज्ञा भिंगारदिवेचा राग नगरच्या अख्ख्या नागापूर एमआयडीसीला माहीत होता. कॅन्टीनचा चहा गार आला तर ती कप परत धाडायची, आणि आज वेळेवर आलेल्या बसच्या कंडक्टरला काल उशीर का केलास म्हणून झाडायची. लोक हसायचे. पण शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतर ती जी भडकली, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ती भिंगारची. डिप्लोमा करून साचे बनवणाऱ्या एका कंपनीत लागली, तेव्हा तिला अमोनियाच्या खोलीत बसवलं. ड्रॉइंगच्या निळ्या प्रती काढायची ती कोंदट जागा. दिवसभर डोळे चुरचुरायचे, आणि घरी गेलं की आई, रतनबाई, आधी तिची ओढणी बाहेर दोरीवर टाकायला लावायची. तिच्याच वर्गातली, तिच्याहून कमी मार्कांची पोरं पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगच्या टेबलावर, आणि ही वासात. का, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं. भांडून भांडून ती तिथून सुटली, ती कंपनीच्या एकुलत्या एका युनिक्स वर्कस्टेशनसमोर, ड्रॉइंग काढायच्या कॉम्प्युटरसमोर, येऊन बसली. परदेशातून जुनं आणलेलं ते धूड कुणालाच नको होतं, कारण शिकवणारं कुणी नव्हतं. तिनं सोबत आलेली जाडजूड पुस्तकं घरी नेली, वाचली, आणि त्या मशीनला कामाला लावलं. आता पंपाच्या एका मोठ्या साच्याचं ड्रॉइंग तिनं त्यावर पुरं करत आणलं होतं.

ते जुनं धूड एकदा बंद केलं की पुन्हा नीट सुरू होईलच याचा भरवसा नव्हता, म्हणून हे मशीन बंद करायचं नाही, हे तिनं सगळ्यांना बजावलं होतं. तशी चिठ्ठीही वर चिकटवली होती.

दरवर्षी दसऱ्याला ती घरच्यांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर जायची. त्याच सुमारास इकडे कंपनीत खंडेनवमीची पूजा व्हायची. लेथ, ड्रिल, सगळं पुसूनपासून हळदकुंकू आणि झेंडूचे हार. एरवी तिच्या मशीनला चालू असतानाच हार पडायचा. या वर्षी मात्र नवे मॅनेजर नारायण मुळे म्हणाले, पूजेचं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं, सगळी बंद करा.

ती परत आली आणि तिनं बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. दुपार झाली तरी प्रयत्न चालूच होता.

तिचा पहिला तडाखा बसला म्हाताऱ्या शिपायाला, कानिफनाथला. बटण त्यानंच बंद केलं होतं. तुम्हाला वाचता येत नाही का, असं ती सगळ्यांदेखत त्याच्या अंगावर ओरडली. म्हातारा खाली मान घालून उभा राहिला.

"वाचली हुती ताई चिठ्ठी. सायबाला नेऊन दावली बी. ते म्हनले, बाईच्या चिठ्ठीवर कंपनी चालती का? कर बंद." मग तो म्हणाला, "आन् ते सर्वर का काय म्हनता, त्यो मोठा डबा तर पितरपाटातच टेम्पोनं पुण्याला गेला. तुमाला कुनी बोललं न्हाई व्हय?"

कुणीच बोललं नव्हतं. प्रज्ञाला आपण चुकीच्या माणसावर ओरडल्याचं कळलं, आणि त्यानं तिचा राग दुप्पट झाला. त्या मशीनचं नाव काय, पत्ता काय, त्यावर कुणी बसायचं, हे सगळं त्या पुण्याला गेलेल्या डब्यात लिहिलेलं होतं. सुरू होताना मशीन ते एकदा विचारून घ्यायचं. चालू होतं तोवर त्याचं निभावलं. पूजेसाठी बंद केलं, आणि आता ते नसलेल्याला हाका मारत बसलं होतं.

ती तडक मुळ्यांच्या केबिनमध्ये गेली. सर्व्हर नेला हे मला का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं. मुळे शांतपणे म्हणाले की हेड ऑफिसला हवा होता. मग दाराशी जमलेल्यांकडे बघत हसले.

"ज्याचं यंत्र त्यानं पूजेला हजर राहावं, भिंगारदिवे मॅडम. तुम्हा लोकांचं सगळंच वेगळं. यंत्र रुसणारच."

दाराशी दोघं-तिघं हसले. ते हसणं तिच्या जन्मभर लक्षात राहिलं. मुळ्यांनी पुढचंही सांगून टाकलं: मशीन भंगारात जाईल, साच्याचं ड्रॉइंग पुण्याला नव्यानं काढतील, आणि मॅडम उद्यापासून अमोनियाच्या खोलीत बसतील.

उद्यापासून ना, मग आजचा दिवस माझा आहे, एवढं बोलून ती मशीनसमोर येऊन बसली. तिनं मशीन अर्ध्यातच थांबवलं आणि कुणालाही न विचारता एकट्यानं सुरू हो, असा हुकूम दिला. झालं सुरू. साध्या काळ्या पडद्यावर तिनं आपल्या फाइली पाहिल्या. ड्रॉइंग जागच्या जागी होतं, पण मालकाच्या नावाच्या जागी नुसता एक आकडा. तिची ओळखही टेम्पोतून गेली होती. त्या आकड्यापुढे तिनं आपलं नाव लिहिलं. पुन्हा पाहिलं तर ओळीनं सगळ्या फाइलींवर प्रज्ञा, प्रज्ञा, प्रज्ञा. सर्व्हरला विचारायच्या ओळी तिनं एकेक करून काढून टाकल्या आणि पत्ता मशीनमध्येच लिहिला. राहिलं मशीनचं नाव. जुनं 'नगर-दोन' तिला पाठ होतं. बोटं क्षणभर थांबली, आणि तिनं दुसरंच नाव टाइप केलं.

संध्याकाळच्या बसआधी पंपाच्या साच्याचं ड्रॉइंग पुरं होऊन मोठ्या कागदावर छापून निघालं. तिनं ते मुळ्यांच्या टेबलावर पसरलं. मुळ्यांनी ते उभं धरलं, आडवं धरलं, पण चूक सापडेना. म्हणाले, बघा, उशिरा का होईना, पूजा पावली. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर थांबलं. प्रत्येक छापील कागदावर तिथं मशीनचं नाव यायचं.

"हे रतन कोण?"

"माझी आई. ही शेड बांधली तेव्हा स्लॅबच्या पाट्या तिनं वाहिल्यात. तुम्ही बसलाय ना, त्याच्या वरच्याच."

मुळ्यांनी नकळत वर पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, नाव बदला, साचा घेणारी पार्टी विचारेल.

"विचारलं तर फोन मला जोडून द्या. उद्या मी इथंच आहे, मशीनवर."

ती बाहेर आली. कानिफनाथ दिवे मालवत होता. मामा, दुपारी चुकलं माझं, असं ती त्याला म्हणाली. आजवर त्या कंपनीत तिनं कुणाची माफी मागितली नव्हती. म्हातारा तिच्या मशीनच्या बटणाशेजारच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो दिवा ऱ्हाऊ द्यायचा ना?"

"राहू द्या," ती म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.